डॉक्टरांच्या फीचा हिशेब

मैत्रिणींनो, शिकवणी घेणारी असो की शिवणकाम करणारी, हा पेच प्रत्येकीला ठाऊक आहे. महागाई वाढली, पण जुन्या माणसांकडे जास्त पैसे मागायचे कसे? मनोविश्लेषणाचे जनक डॉ. सिग्मंड फ्रॉईड यांच्यापुढेही तो उभा राहिला होता बरं का!

फ्रॉईड यांचा जन्म १८५६ चा. वडील लोकरीचे व्यापारी, घरात खाणारी तोंडं फार. मार्थाशी लग्न ठरलं, पण पैशाअभावी चार वर्षं थांबावं लागलं. शेवटी आवडीचं संशोधन बाजूला ठेवून त्यांनी व्हिएन्नात दवाखाना थाटला आणि १८८६ मध्ये लग्न केलं. पुढे सहा मुलं झाली.

फीबद्दल ते आडपडदा ठेवत नसत. रुग्णासाठी तास राखलाय, तर तो आला नाही तरी पैसे द्यावेत, असा नियम त्यांनी १९१३ मध्ये लिहून ठेवला. त्याआधी जवळपास दहा वर्षं रोज एक-दोन तास ते फुकटही देत.

मग पहिलं महायुद्ध झालं. ऑस्ट्रिया हरला, चलन कोसळलं, आयुष्यभराची शिल्लक मातीमोल झाली. साठी उलटलेले फ्रॉईड परदेशी विद्यार्थी घेऊ लागले. १९२१ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना तासाला दहा डॉलर फी होती. एकदा विद्यार्थी जास्त झाले, तास कमी पडले. मुलगी ॲनानं तोड काढली. पाच जणांना सहा तास दिले काय नि सहा जणांना पाच दिले काय, बेरीज तीसच! प्रत्येकानं आठवड्याचा एक तास सोडला, कुणालाच परत जावं लागलं नाही.

याच काळात त्यांचा जुना रुग्ण सर्गेई पानकेयेव परत आला. एकेकाळचा गर्भश्रीमंत, पण रशियन क्रांतीत सारं गमावलेला. फ्रॉईड यांनी त्याच्यावर विनामूल्य उपचार केले, वर सहा वर्षं वर्गणी गोळा करून दिली. पुढे घरचे दागिने त्याच्या हाती आले. मदत बंद होईल या धास्तीनं त्यानं ते लपवले!

फ्रॉईड १९३९ मध्ये लंडनला वारले. ज्याला परवडतं त्याच्याकडून घ्यावं, ज्याचं गेलं त्याला सांभाळावं, हे त्यांनी केलं. पण पालटलेली परिस्थिती दोन्ही बाजूंनी उघड सांगायला हवी, नाही का? उद्या फी वाढवताना किंवा सवलत मागताना एवढं मोकळं बोलून तर बघा.