विश्लेषण : होमी भाभांचे दोन हिशेब, एक पुरा, एक अपुरा

होमी भाभा म्हटले की ट्रॉम्बे, तारापूर आणि अणुभट्ट्या आठवतात. मात्र त्यांची पहिली ओळख सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाची होती. वयाच्या २८व्या वर्षी त्यांनी एका सूक्ष्म कणाबद्दल विचार मांडला आणि पंचेचाळिशीत देशाच्या विजेबद्दल. दोन्हींमागचे गणित बारावीचा विद्यार्थी वहीच्या एका पानावर करू शकतो. पहिले गणित खरे ठरले, दुसरे अजून सुटायचे आहे.

इंजिनीअर भौतिकशास्त्राकडे कसा वळला?

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. आत्याचे यजमान दोराबजी टाटा आणि वडील यांची इच्छा होती की, त्यांनी केंब्रिजला इंजिनीअरिंग शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे. १९२७ मध्ये केंब्रिजला गेलेल्या भाभांना ओढ लागली भौतिकशास्त्राची. आधी इंजिनीअरिंगमध्ये प्रथम श्रेणी, मग गणित, अशी अट वडिलांनी घातली. १९३० मध्ये त्यांनी ती पूर्ण केली. पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित त्यांनी मांडले. आजही त्या प्रक्रियेला ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात.

कण जमिनीपर्यंत पोहोचतो कसा?

अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन हे कण तयार होतात. ते जमिनीवर सतत पडत असतात. शहागडला गोदावरीच्या पुलावर उभे राहून तळहात आडवा धरला, तर साधारण दर सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातो.

अडचण अशी की, म्युऑनचे सरासरी आयुष्य फक्त २.२ मायक्रोसेकंद असते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला, तर तेवढ्या वेळात तो जेमतेम ६६० मीटर जाईल. १५ किलोमीटर म्हणजे जवळपास २३ आयुष्ये. या हिशेबाने हजार कोटी म्युऑनपैकी एखाद-दुसराच खाली पोहोचायला हवा.

उत्तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात आहे. वेगाने जाणाऱ्या वस्तूचे घड्याळ आपल्या दृष्टीने हळू चालते. म्युऑनचा वेग प्रकाशाच्या ९९.९ टक्के असेल, तर त्याचा काळ सुमारे २२ पट ताणला जातो. ६६० गुणिले २२ म्हणजे साडेचौदा किलोमीटर! हवेत खर्च होणारी ऊर्जा सोडली, तर साधारण एक तृतीयांश कण जमिनीपर्यंत यावेत.

त्या काळी या कणांना जड इलेक्ट्रॉन म्हणत. ते अस्थिर असतील, तर त्यांच्या आयुष्यमानावरून आइन्स्टाइनचा सिद्धांत थेट तपासता येईल, असे भाभांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत वेगवेगळ्या उंचीवर कण मोजले आणि काळ ताणला जातो हे सिद्ध झाले.

सुट्टीवर आले आणि राहिले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले असताना दुसरे महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या विभागात काम करू लागले. १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे होते, रचना आणि बांधणी इथली.

एक ग्रॅम युरेनियम म्हणजे किती कोळसा?

युरेनियम-२३५ चे एक अणुकेंद्रक फुटले की सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते. एक ग्रॅममध्ये असे २५६ वर १९ शून्ये इतके अणू असतात. गुणाकार केला की ८,२०० कोटी ज्यूल येतात. किलोला ४,००० किलोकॅलरी देणारा कोळसा घेतला, तर तेवढ्या उष्णतेसाठी जवळपास ५ टन लागेल. परळीच्या वीज केंद्रात जाणारा कोळसा पाहणाऱ्या मराठवाड्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग तीन टप्पे कशासाठी?

गोम इथेच आहे. खाणीतल्या युरेनियममध्ये हा फुटणारा प्रकार जेमतेम ०.७ टक्के असतो आणि भारताकडे युरेनियम मुळातच कमी. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम मात्र भरपूर. ते थेट इंधन म्हणून चालत नाही. न्यूट्रॉन शोषून त्याचे युरेनियम-२३३ व्हावे लागते. म्हणून १९५४ मध्ये भाभांनी तीन टप्पे आखले. पहिल्यात नैसर्गिक युरेनियमपासून वीज आणि सोबत प्लुटोनियम. दुसऱ्यात प्लुटोनियम वापरून, जळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्ट्या. तिसऱ्यात थोरियम.

पुढे काय झाले?

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. ते ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले. तारापूरची वीज १९६९ मध्ये आली. ती पाहायला ते नव्हते.

त्यांना अपेक्षित असलेला वेग देशाला गाठता आला नाही. भारताच्या एकूण विजेत अणुऊर्जेचा वाटा आजही ३ टक्क्यांच्या आसपास आहे आणि थोरियमवर चालणारी व्यापारी वीजनिर्मिती सुरू झालेली नाही. म्युऑनचा हिशेब पडताळायला तीन वर्षे पुरली. थोरियमचा हिशेब कागदावर आजही बरोबर आहे. पण तो पुरा करायला भट्ट्या, पैसा आणि पिढ्या लागतात.