स्वतःला नाव देणारा माणूस : एरिक एरिकसन

मी कोण, हा प्रश्न आपण तत्त्वज्ञांकडे सोपवून मोकळे होतो. पण चौदा-पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला तो पडतोच, हे ज्याने शास्त्रीय पद्धतीने मांडले त्या एरिक एरिकसनला तो लहानपणीच पडला होता.

१५ जून १९०२ रोजी जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे त्याचा जन्म झाला. आई कार्ला ही कोपनहेगनच्या ज्यू घराण्यातली. पिता कोण, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. तो तीन वर्षांचा असताना आईने कार्ल्सरूहे येथील थिओडोर होंबुर्गर या बालरोगतज्ज्ञाशी विवाह केला आणि हेच तुझे वडील, असे मुलाला सांगण्यात आले. मुलगा मात्र उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. प्रार्थनामंदिरात तो परका ठरे आणि शाळेत ज्यू ठरे.

शालेय शिक्षण संपल्यावर त्याने विद्यापीठाची वाट धरली नाही. चित्रे काढीत तो काही वर्षे युरोपभर भटकला. १९२७ साली पीटर ब्लॉस या बालमित्राने त्याला व्हिएन्नातील एका छोट्या शाळेत शिक्षक म्हणून बोलावून घेतले. तेथे ॲना फ्रॉइडच्या हाताखाली तो मनोविश्लेषण शिकला. १९३३ साली त्याने व्हिएन्ना सोडले व अमेरिका गाठली. १९३९ साली तेथील नागरिकत्व घेताना त्याने एरिकसन हे आडनाव धारण केले. त्याचा अर्थ एरिकचा मुलगा. ज्याला पित्याचे नाव ठाऊक नव्हते, त्याने स्वतःचेच नाव पुढे चालविले.

अमेरिकेत त्याने पाइन रिज येथील सू आदिवासींची मुले पाहिली. शिक्षकांना ती निरुत्साही वाटत. एरिकसनला दिसले ते वेगळेच. घरी दातृत्वाचा संस्कार आणि शाळेत साठवण्याचा व स्पर्धेचा धडा, या ओढाताणीत ती मुले गप्प झाली होती. मुलाचे मन समजून घ्यायचे तर त्याचा समाजही पाहावा लागतो, हा विचार १९५० सालच्या चाइल्डहुड अँड सोसायटी या ग्रंथात आला. त्यात त्याने जीवनाच्या आठ अवस्था मांडल्या. शाळकरी वयात मुलाला आपल्या हातून काही घडते हा विश्वास हवा असतो. तो न मिळाल्यास न्यूनभाव घर करतो. किशोरवयात अस्मितेचा प्रश्न उभा राहतो. या वयातील गोंधळ हा रोग नसून विकासाचेच काम आहे आणि त्यासाठी समाजाने तरुणांना थोडी सवड द्यावी, असे त्याचे प्रतिपादन होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने कम्युनिस्टविरोधी शपथपत्र मागितले. त्यावर सही न करता त्याने १९५० सालीच प्राध्यापकपद सोडले. पुढे १९६० साली कोणतीही पदवी नसताना तो हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. १९६२ साली तो अहमदाबादेत आला. तेथील १९१८ च्या गिरणी संपातील गांधीजींवर त्याने लिहिलेल्या ग्रंथास १९७० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्याच्या चरित्रात एक सल आहे. १९४४ साली त्याला डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्या बाळाला संस्थेत ठेवण्यात आले आणि मोठ्या भावंडांना ते जन्मतःच गेले असे सांगण्यात आले. स्वतःच्या जन्माचे सत्य ज्याच्यापासून लपविले गेले, त्यानेही घरात तेच केले. मनाचे नियम जाणणाराही त्यांतून सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१२ मे १९९४ रोजी एरिकसनचे निधन झाले. घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि वर्गात तिसरी बोलणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना पाइन रिजच्या मुलांची ओढाताण अनोळखी वाटू नये. शाखा बदलावी की न बदलावी, या विचाराने एखादा विद्यार्थी गप्प बसला, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी आपण प्राध्यापकांनी चित्रे काढीत फिरणाऱ्या त्या तरुणाची आठवण ठेवावी.