मातेचा निरोप आणि ज्ञातीचा निरोप

या स्मरणिकेत आम्ही बहुधा आपल्याच ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे देतो. महात्मा गांधी आपल्या ज्ञातीचे नव्हेत. ते काठेवाडातील मोढ वाणी. तथापि १८८८ साली त्यांना निरोप देण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांची आई कशी वागली व त्यांची ज्ञाती कशी वागली, हे ज्ञातिसंस्थेच्या सभासद-कुटुंबांनी वाचावे असे आम्हास वाटते.

मोहनदासांचे वडील करमचंद १८८५ साली निवर्तले होते. भावनगरच्या सामळदास कॉलेजात मुलाचे मन रमेना, तेव्हा मावजी दवे या कुटुंबाच्या ब्राह्मण स्नेह्यांनी त्याला बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस पाठविण्याची मसलत दिली. पोरबंदरच्या चुलत्यांनी स्वतः संमती देण्याचे टाळले, मात्र आईची अनुज्ञा असल्यास आपण आड येणार नाही असे कळविले. सारा भार पुतळीबाईंवर पडला.

ही बाई मोठी व्रतस्थ. चातुर्मासात सूर्यदर्शनावाचून न जेवण्याचे व्रत त्यांनी एकदा धरले होते. मुले अंगणात उभी राहून ढगांआडचा सूर्य शोधीत आणि तो दिसताच आईला हाक मारीत. विलायतेत मुले बिघडतात, मांस-मद्य सेवितात, असे त्यांच्या कानी आले होते. त्यांनी रडून घर डोक्यावर घेतले नाही, की एकदम होकारही दिला नाही. बेचरजी स्वामी या जैन साधूंचा सल्ला त्यांनी घेतला. स्वामींनी मोहनदासांकडून मद्य, मांस व परस्त्री यांना न शिवण्याची शपथ घेवविली, आणि मग मातेने अनुज्ञा दिली. आमच्या मते या घरातील खरे धैर्य पुतळीबाईंचे. मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी त्याला समुद्रापलीकडे जाऊ दिले.

पत्नी कस्तुरबा तेव्हा एकोणीस वर्षांच्या, कडेवर काही महिन्यांचा हरिलाल. खर्चासाठी त्यांचे दोन-तीन हजारांचे दागिने विकण्याचा विचार मोहनदासांच्या मनात आला होता. वडील बंधू लक्ष्मीदासांनी पैशाचा भार स्वतः उचलला.

मुंबईस पोचल्यावर पावसाळ्यातील समुद्राच्या धास्तीने प्रयाण लांबले. लक्ष्मीदास पैसे मेहुण्यांपाशी ठेवून राजकोटास परतले. मुंबईतील ज्ञातिबांधवांत खळबळ उडाली. सभा भरली, अठरा वर्षांच्या मुलास बोलावणे गेले. अध्यक्षस्थानी बसलेले शेठजी दूरचे नातलग, करमचंदांशी चांगला घरोबा असलेले. समुद्रपर्यटन धर्मबाह्य आहे, ज्ञातीची आज्ञा मानावी, असे त्यांनी बजावले. मोहनदासांनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. आईला दिलेल्या शपथेचा हवाला दिला. शेठजी संतापले. मुलगा ज्ञातिबाह्य ठरला, आणि जो त्याला साहाय्य करील किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड, असा हुकूम सुटला.

सव्वा रुपया! रक्कम क्षुल्लक खरी, पण तिच्यामागे बेटीव्यवहार व पंगत तुटण्याची भीती होती. मेहुण्यांनी ठेवीचे पैसे देण्याचे नाकारले. त्यांना दोष देण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःस विचारावे, आम्ही काय केले असते? शेवटी एका कौटुंबिक स्नेह्याने रक्कम उसनी दिली व त्यातून भाडे, कपडे व वाटेचा फराळ झाला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' या आगबोटीने मोहनदास निघाले. सोबतीस जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते.

१८९१ च्या जुलैत ते मुंबईस परतले. बंदरावर लक्ष्मीदास आले होते. आई गेल्याची बातमी त्यांनी परदेशी मुद्दाम कळविली नव्हती, ती आता सांगितली. शपथा पाळून आलेल्या मुलाला पाहण्यास ती माउली राहिली नव्हती.

मग बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. मोहनदासांना हे रुचले नाही, पण भावाच्या प्रेमापुढे ते बोलले नाहीत. राजकोटच्या मंडळींनी त्यांना पदरात घेतले. मुंबई व पोरबंदरच्या गटांनी बहिष्कार उठविला नाही. त्यांनी रदबदली केली नाही, मनात अढीही धरली नाही. सासरची व बहिणीच्या घरची माणसे चोरून जेवू घालण्यास तयार होती, पण जे उघडपणे करता येत नाही ते गुपचूप करणे त्यांना मान्य नव्हते. त्या घरांत ते पाणीही पीत नसत.