बनियनसाठी विणलेलं, पडून राहिलेलं कापड उचललं आणि श्रीमंत बायकांचे कपडेच बदलून टाकले : कोको शनेलची गोष्ट

पांढऱ्यावर निळे आडवे पट्टे असलेला टी-शर्ट तुमच्या कपाटात नसला, तरी घरात कुणाकडे तरी नक्की असेल. आज तो कुणीही घालतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एखाद्या श्रीमंत बाईने तो घातला असता, तर लोकांनी वळून वळून बघितलं असतं. कारण तो होता खलाशांचा गणवेश.

फ्रेंच नौदलाने १८५८ साली त्याचा नियमच काढला होता. अंगावर २१ पांढरे पट्टे, प्रत्येक २० मिलीमीटरचा आणि मधले निळे पट्टे १० मिलीमीटरचे.

खलाशांचे, मजुरांचे असे विणलेले कपडे उच्चभ्रू बायकांच्या अंगावर आणण्यात जिचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, ती म्हणजे कोको शनेल.

तिचं खरं नाव गॅब्रिएल. जन्म १९ ऑगस्ट १८८३, सोम्यूर गावच्या धर्मादाय रुग्णालयात. वडील गावोगाव फिरून माल विकायचे. ती ११ वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी मुलींना ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात सोडलं आणि ते निघून गेले. तिथल्या नन्सकडे ती शिवण शिकली. पुढे मोठी झाल्यावर हे बालपण तिने आयुष्यभर लपवलं. कुणी विचारलं की दरवेळी नवीन गोष्ट.

मूलाँ गावात ती दिवसा शिवणकाम करायची आणि रात्री कॅफेत गायची. कोको हे नाव तिथलंच. गाण्यात काही जमलं नाही, पण बॉय कॅपेल या इंग्रज उद्योगपतीशी प्रेम जुळलं. त्याच्या पैशातून तिने १९१० मध्ये पॅरिसच्या र्‍यू कांबाँवर टोप्यांचं दुकान काढलं. १९१३ मध्ये दोव्हिल या समुद्रकाठच्या गावात दुसरं.

आणि १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं.

पॅरिस सोडून श्रीमंत बायका दोव्हिलला आल्या. नोकरचाकर, गाड्या कमी झालेल्या. आता पायी चालायचं होतं, कामं करायची होती. घट्ट आणि जड कपड्यांत ते जमेना. शनेलकडे साधे, सैल कपडे मिळत होते.

अडचण एकच, युद्धात कापड मिळेना. तेव्हा रोदिए नावाच्या कारखानदाराकडे जर्सीचा साठा पडून होता. जर्सी म्हणजे स्वेटरसारखं टाक्यात टाका अडकवत, पण मशीनवर विणलेलं कापड. आपल्याकडच्या होजिअरीसारखंच. ते पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी केलेलं, पण खपलं नव्हतं. शनेलने तो साठा उचलला.

आता हे कापड तसं तापदायक. ताणलं जातं, कापलं की कडा गुंडाळतात. घट्ट बसणारा, नक्षीदार पोशाख त्यातून होत नाही. म्हणून तिने शिवणच साधी ठेवली. सरळ कट, सैल कंबर, खिसे. कापडाची खोड तीच पुढे तिची स्टाइल झाली. १९१६ मध्ये अमेरिकन मासिकांत तिचे कपडे झळकले आणि तिने कॅपेलचे पैसेही फेडून टाकले.

बायकांना कॉर्सेटमधून तिनेच सोडवलं, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. पॉल प्वारे या डिझायनरने तिच्या आधीच ती सुरुवात केली होती. शनेलने त्या मोकळेपणाला रोजच्या वापरातलं, स्वस्त समजलं जाणारं कापड दिलं. पट्ट्यांचा खलाशी टी-शर्ट तर ती स्वतःच घालायची. १९३० च्या सुमारास तिच्या ला पाउसा या घरी काढलेला तसा फोटो आजही फिरत असतो.

१९२१ मध्ये शनेल नंबर ५ हे परफ्यूम आलं. १९२४ मध्ये वेर्तायमर बंधूंसोबत त्याची कंपनी झाली, पण तिच्या वाट्याला फक्त १० टक्के. हा सल तिला कायम राहिला.

आणि इथेच तिच्या आयुष्यातला काळा भाग येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅरिस घेतलं. शनेल रिट्झ हॉटेलात राहिली आणि एका जर्मन अधिकाऱ्यासोबत तिचे संबंध होते. जर्मन गुप्तहेर खात्याच्या कागदपत्रांतही तिचं नाव सापडलं. वेर्तायमर ज्यू होते. नाझींच्या ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन १९४१ मध्ये तिने कंपनी बळकवायचा प्रयत्न केला. पण वेर्तायमरनी अमेरिकेत जाताना मालकी आधीच एका ज्यू नसलेल्या व्यावसायिकाच्या नावावर केली होती. डाव फसला.

१९४४ मध्ये तिची चौकशी झाली आणि ती सुटली. पुढची काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये काढून ७० व्या वर्षी, १९५४ मध्ये ती परत आली. गंमत बघा, या पुनरागमनाला पैसे लावले ते त्याच पियरे वेर्तायमरने.

१० जानेवारी १९७१ ला रिट्झमध्येच ती वारली. वय ८७, आणि नवीन कलेक्शनचं काम सुरूच होतं. अनाथाश्रमातली शिवण आणि कुणाला नको असलेलं कापड यातून उभं राहिलेलं तिचं काम आज जगभर घातलं जातं. १९४१ मध्ये तिने जे केलं, तेही त्याच नावावर कायमचं लिहिलेलं आहे.