शिर्डीला जाणारी वंदे भारत आणि लोखंडाचा थकवा मोजणारा माणूस

मुंबईहून सुटलेली वंदे भारत साईनगर शिर्डीला पोहोचेपर्यंत साधारण ३४० किलोमीटर धावते. तेवढ्यात तिचं प्रत्येक चाक एक लाखाहून जास्त वेळा फिरतं. डब्याच्या वजनाने अ‍ॅक्सल किंचित वाकतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेरीत एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. तरी अ‍ॅक्सल टिकतो. तो कसा टिकवायचा हे कळायला आधी बरेच अ‍ॅक्सल तुटावे लागले.

८ मे १८४२. व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला, आग लागली. डब्यांना बाहेरून कुलपं होती. ५० हून जास्त माणसं गेली.

ऑगस्ट वोलर तेव्हा २२ वर्षांचा होता. जर्मनीतल्या सोल्टाऊचा जन्म, शिक्षण हॅनोव्हरला, मग बर्लिनच्या बोर्झिग कारखान्यात काम. १८४७ मध्ये तो एका प्रशियन रेल्वेच्या इंजिन-डब्यांचा प्रमुख झाला. चांगले दणकट अ‍ॅक्सल अचानक का तुटतात, हे कोडं त्याच्याच गळ्यात पडलं.

गड्याने अ‍ॅक्सलवर पडणारा भार आधी धावत्या गाडीत मोजला. मग मशीन बनवून लोखंडाचे नमुने लाखो, कधी कोट्यवधी वेळा वाकवले. १८७० पर्यंत हेच चाललं. निष्कर्ष असा, की एका झटक्यात तुटायला लागतो त्यापेक्षा खूप कमी ताणही पुन्हा पुन्हा दिला तर धातू तुटतो. लोखंड एका मर्यादेखाली मात्र तग धरतं. त्याने हे तक्त्यांत मांडलं, आलेख नंतरच्यांनी काढला. नाव पडलं 'वोलर कर्व्ह'.

त्याला आणखी एक गोष्ट दिसली. ताणाचा चढउतार तेवढाच असला, तरी धातू आधीच ताणलेला असेल तर तो लवकर हरतो. खरी गंमत इथे आहे. धातू ठोकला, लाटला, वाकवला की बाहेरचा जोर निघून जातो, पण थोडा ताण आत अडकून राहतो. म्हणजे पार्ट कामाला लागण्याआधीच त्याच्यावर ताण असतो! तो पृष्ठभागाला ओढणारा असेल तर बारीक चीर उघडते, दाबणारा असेल तर ती मिटून राहते.

म्हणून आज हा दाब मुद्दाम भरतात. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बारीक छर्रे मारतात, क्रँकशाफ्टचे कोपरे रोलरने दाबतात. रेल्वेच्या चाकाची कड गरम असतानाच पाण्याने थंड करतात. आतला भाग मागाहून आकसतो आणि कड दाबात राहते.

वोलर पुढे स्ट्रासबुर्गला रेल्वेचा मोठा अधिकारी झाला. १९१४ च्या मार्चमध्ये हॅनोव्हरला तो वारला, तेव्हा वय होतं ९४.