फ्लॉरेन्स नाइटिंगेल : अंथरुणावरील कर्मयोग

हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी स्त्री, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रतिमा शाळेपासून आपल्या मनावर ठसलेली आहे. परंतु क्रिमियाच्या युद्धातील त्यांची सेवा दोन वर्षांहूनही कमी काळाची. त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली आणि त्यांचे चिरस्थायी कार्य तेथूनच झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१२ मे १८२० रोजी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा विरोध पत्करून त्या शुश्रूषा शिकल्या. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथे त्यांना जिवावरचा ताप आला. ताप उतरला, शक्ती मात्र परतली नाही. १८५७ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या पार कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अन्नाचा तिटकारा, पुढे पाठीच्या असह्य वेदना आणि बोलण्याच्या श्रमानेही येणारी ग्लानी!

हे सारे सोंग आहे, अशी शंका पुढे काही चरित्रकारांनीही घेतली. १९९५ मध्ये मात्र हा दीर्घकालीन ब्रुसेलोसिस असावा, असे मत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले.

उरलेली शक्ती त्यांनी कृपणाच्या धनासारखी जपली. भेटीला एका वेळी एकच माणूस, तोही वेळ ठरवून. इतर काम पत्रांनी आणि चिठ्ठ्यांनी. अशा स्थितीत १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिका-शाळा सुरू झाली. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील छावण्यांतून आलेल्या अहवालांचे ढीग त्यांनी अंथरुणावरच अभ्यासले. सैनिक मरत होते ते लढाईपेक्षा घाणेरड्या पाण्याने व तुंबलेल्या गटारांनी, हे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालातून पुढे आले.

या चरित्राला एक दुःखद बाजूही आहे. त्यांचे सहकारी, मंत्री सिडनी हर्बर्ट मूत्रपिंडाच्या विकाराने खचत चालले होते. त्यांनी काम सोडण्याचे बोलताच बाईंनी त्यांना बोल लावला. १८६१ च्या ऑगस्टमध्ये हर्बर्ट वारले. स्वतः थकव्याने ग्रासलेल्या व्यक्तीलाही दुसऱ्याचा थकवा दिसला नाही!

उतारवयात त्यांची प्रकृती बरीच सुधारली. १९१० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज त्यांचा जन्मदिन दीर्घकालीन थकव्याच्या विकाराचा जागृतिदिन म्हणूनही पाळला जातो. त्यांना नेमका हाच विकार होता असे सिद्ध झालेले नाही. पण साम्य मोठे आहे. या विकारात विश्रांतीने थकवा जात नाही आणि झेपेल त्यापलीकडे श्रम केल्यास दुखणे बळावते, कधी एकदोन दिवसांनी. त्यावर हमखास औषध नाही. शक्तीचा अंदाज घेऊन, थकण्यापूर्वीच थांबणे हाच मुख्य उपाय. हट्टाने वाढवत नेलेला व्यायाम २०२१ पासून ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनातूनही वगळला गेला आहे.

म्हणून वर्गातील एखादा मित्र महिनोन्‌महिने थकलेला दिसला, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. दिवा हाती घेणे सर्वांना जमणार नाही. एवढे तरी जमावे.