कुर्ल्याची मोटार

१९५० च्या आसपासची एखादी डॉज किंवा प्लिमथ रस्त्याने गेली की माणसे थांबून पाहतात. हौशी मालक अशा गाडीचा पत्रा ठोकून, रंग देऊन तिला पुन्हा उभी करतात. काही जण बाहेरचे जुने रूप तसेच ठेवून बॉनेटखाली नवे, जोरकस इंजिन बसवतात. मग म्हातारी दिसणारी ती गाडी चढावर भल्याभल्यांना मागे टाकते. गाडी अमेरिकन खरी. परंतु त्या काळच्या अशा कितीतरी गाड्या जोडल्या गेल्या आपल्या कुर्ल्याला. त्या कारखान्याचे जनक म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. मुंबई व पुणे येथे त्यांनी कॉलेजचे शिक्षण घेतले, पण बी. ए. पुरे झाले नाही. घरच्या पेढीवर त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून ते कंत्राटदार झाले. त्यांचे सुरुवातीचे काम आपल्या शेजारच्या मुलखातले, बार्शी लाइट रेल्वेचे होते. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदण्याच्या कामापर्यंत त्यांची मजल गेली.

१९१९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतले आणि ५ एप्रिल रोजी ते मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. सिंदिया कंपनीचा हा आरंभ. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवण्याचा प्रयत्न केला, पण ती टिकली. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू करण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

मोटारीचे स्वप्न मात्र फार दिवस रखडले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटार तयार करण्याची योजना आखली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. फोर्डशी बोलणी फिसकटली. १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार झाला. पण महायुद्ध चालू होते आणि इंग्रज सरकारने सहकार्य दिले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या.

या गाड्यांचे सुटे भाग सुरुवातीला अमेरिकेतून पेट्यांत भरून येत. म्हणून कोणी म्हणेल, यात आपले काय? नुसते स्क्रू पिळणे! हा आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु जोडता जोडता हात शिकतो. आज बाहेरचा भाग जोडायचा, उद्या तो इथेच घडवायचा, हा त्यातला क्रम होता. परदेशी कंपन्याही मुंबईत गाड्या जोडत, पण गाडी इथे घडावी ही निकड त्यांना नव्हती. वालचंदांना होती. रूप अमेरिकन आणि आतला भाग हळूहळू आपला, अशी ती मोटार होती.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघात झाला व त्यांना कामातून निवृत्त व्हावे लागले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. १९५१ पासून कुर्ल्याला फियाट गाड्याही होऊ लागल्या होत्या. त्यांतूनच पुढे 'पद्मिनी' आली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी बनली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

वालचंदांचे सारेच बेत तडीस गेले नाहीत. विमानांचा कारखाना सरकारने घेतला, जहाजांचाही पुढे सरकारकडे गेला. पण हे आपल्याला जमणार नाही, असे ज्या कामांविषयी त्या काळी सर्रास म्हटले जाई, ती कामे त्यांनी सुरू करून दाखवली. पदवी हातात नसताना हे घडले, हे पदवीसाठी धडपडणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी विसरू नये. शिक्षण हे बाहेरच्या रंगासारखे न राहता आतल्या इंजिनासारखे झाले, तरच चढ चढता येतो.